जॉर्जच्या गॅलरीखाली एक गुरुवार

सकाळी ६.१०

चहाचं आधण ठेवून यादी पुन्हा वाचते. चौदा माणसं. पुण्याची सात, वाईचं एक जोडपं, नाशिकच्या दोघी बहिणी आणि कोल्हापूरचं तिघांचं कुटुंब. शाकाहारी पाच, त्यांतल्या दोघींना अंडंही चालत नाही. वाईच्या काकांचा उजवा गुडघा दुखरा, त्यांना जिना नको. बिअर घेणारे तिघे, असं सहल काढणाऱ्यांनी कळवलंय. हा आकडा दुपारपर्यंत हमखास बदलतो.

मी मराठी प्रवाशांना लंडन दाखवते. अठरा वर्षं झाली. मंगळवारी सहसा प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोडवर जाते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. तिथे लोक चपला काढून आत जातात आणि मला फारसं बोलावं लागत नाही. गुरुवार मात्र बरोचा. टेम्सच्या दक्षिण काठावरचा हा भाग. लिहिताना साउथवार्क आणि बोलताना सदक. तिथे जॉर्ज नावाची जुनी सराई आहे. दुपारचं जेवण तिथेच ठेवते.

सराई हा शब्द बराच शोधून निवडलाय. खाणावळ म्हणावं तर इथे मुक्कामाच्या खोल्या होत्या. धर्मशाळा म्हणावं तर खोलीचे पैसे पडत. बार म्हटलं तर आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे परमिट रूम येते, पडदे ओढलेली आणि दिवे मंद केलेली. माणूस उतरायचा, घोडे बांधायचा, जेवायचा, प्यायचा, झोपायचा आणि पहाटे पुढची वाट धरायचा, ती जागा म्हणजे सराई.

सकाळी ७.२५

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन, फिंचली रोडला समोरच्या फलाटावर ज्युबिली, मग सरळ लंडन ब्रिज. डब्यात बसायला मिळालं तर मी स्वयंपाकघराला विचारायचे प्रश्न काढते. चारच आहेत, पण दर वेळी वहीत नव्याने लिहिते.

या चार प्रश्नांमागे एक आजी आहेत. माझ्या पहिल्या वर्षी एका दुसऱ्याच पबमध्ये मी त्यांच्यासाठी भाज्यांचा पाय मागवला होता. पाय म्हणजे वर कणकेचं झाकण घालून भाजलेलं सारण. सारण शुद्ध भाज्यांचं होतं, पण झाकणाचं पीठ स्यूएटमध्ये मळलेलं होतं. स्यूएट म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. जुन्या इंग्रजी स्वयंपाकात ती सर्रास वापरतात. आजींचे दोन घास झाल्यावर मला ते कळलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “तुला माहीत नव्हतं बाळा.” त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी काही तोंडात घातलं नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून विचारते. पिठात चरबी कुठली? बटाटे आणि मासे एकाच तेलात तळता का? सोबतची ग्रेव्ही कशाच्या रसाची? आणि गोडात जिलेटिन आहे का? पदार्थांत काय काय आहे हे पब मागितल्यावर सांगतात, चौदा प्रमुख ॲलर्जींची माहिती देणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे. पण गाईची चरबी ही काही ॲलर्जी नव्हे. त्यामुळे ती त्या तक्त्यात सापडत नाही, तोंडीच विचारावी लागते.

सकाळी ८.२०

गट दहाला येणार. मी आधी एकटीच बरो हाय स्ट्रीटवरून जॉर्जच्या बोळात शिरते. ७७ नंबरच्या या बोळापुढून रोज हजारो माणसं स्टेशनाकडे पळतात, आत डोकावणारे थोडे. आत गेलं की एकदम मोकळं अंगण, आणि उजव्या हाताला ती लाकडी इमारत. मजल्यांवर सलग गॅलऱ्या, लाकडी कठडे, मागे ओळीने खोल्यांची दारं. लंडनमध्ये गॅलरीची एवढीच एक सराई उरली आहे.

कधीकधी या वेळी पिंपं उतरत असतात. लहान पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ९ गॅलन म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. ही कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर. कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. तळघरात पिंप आडवं ठेवतात, हलू नये म्हणून पाचर मारतात, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. त्या लाकडातून हळूहळू वायू निघून जातो. फसफस शमली की कडक लाकडाची खुंटी घालतात. मग गाळ खाली बसेपर्यंत कुणी पिंपाला धक्का लावायचा नाही. हे सगळं मला तळघर सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या सेलरमनने शिकवलं. एकदा उघडलं की पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवा लागून चव जाते. दही विरजल्यावर त्याला हात लावत नाहीत आणि लागलं की वेळेत वाढतात, तसलंच हे काम. सांभाळणाऱ्याच्या हाताला चव असते.

साडेनवाला स्वयंपाकघराचा फोन लागतो. चारही प्रश्न विचारून होतात. दोन पदार्थ यादीतून बाद, एक नवीन आत. वहीत खुणा करते.

सकाळी १०.००

लंडन ब्रिजवर गोळा होतो. गट वेळेवर आलाय, पुण्याची मंडळी तर दहा मिनिटं आधीच.

सुरुवात पुलावरूनच करते, कारण पुलाशिवाय ही सराई समजत नाही. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल झाला, तोवर लंडन शहरात टेम्सवर एवढाच एक पूल होता. त्यावर दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं, मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट, आणि रात्री दरवाजे बंद. केंट, ससेक्स, सरेकडून मालाच्या अवजड गाड्या यायच्या, त्या पुलाच्या अलीकडेच थांबायच्या. उशीर झालेला माणूसही अलीकडेच अडकायचा. म्हणून पुलाच्या दक्षिण तोंडाशी, या एका रस्त्यालगत, सराईला लागून सराई उभी राहिली. जॉन स्टो याने १५९८ मध्ये लंडनची समग्र माहिती ग्रंथात लिहून ठेवली. त्यात इथल्या सरायांची यादी आहे आणि त्या यादीत जॉर्जचं नाव आहे.

“म्हणजे घाटाच्या पायथ्याला गाड्या थांबायच्या तसं,” वाईचे काका म्हणतात. त्यांना पसरणीचा घाट रोजचा. मी हो म्हणते. यापुढे मीही असंच सांगणार आहे.

सकाळी ११.०५

बरो मार्केटमधून नेते, पण तिथे रमू देत नाही. चीजचे वास, कमानींवरून धडधडत जाणाऱ्या गाड्या, पावाच्या रांगा. कोल्हापूरच्या वहिनींना मशरूमचे ढीग सोडवत नाहीत. दहा मिनिटं देते.

मग हाय स्ट्रीटच्या पूर्वेकडचे बोळ. किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड, क्वीन्स हेड यार्ड. प्रत्येक नाव एका सराईचं. नावं पाटीवर आहेत, पण जॉर्ज सोडली तर सराया नाहीत. गटातला कॉलेजातला मुलगा म्हणतो, “चर्चगेटसारखं. गेट कुठंय?” त्याने एका वाक्यात माझी पाच मिनिटं वाचवली.

व्हाइट हार्ट यार्डात १४५० मध्ये बंडखोर जॅक केडने तळ ठोकला होता. याच सराईच्या अंगणात बूट पॉलिश करताना सॅम वेलर डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये पहिल्यांदा भेटतो. क्वीन्स हेड ही जॉन हार्वर्ड याच्या आईकडे होती आणि तिच्या मागे ती त्याच्याकडे आली. तो अमेरिकेला गेला, १६३८ मध्ये वारला, आणि आपली निम्मी मिळकत व चारेकशे पुस्तकं त्याने तिकडच्या नव्या कॉलेजला ठेवली. हार्वर्ड विद्यापीठ ते हेच. लेकाला अमेरिकेत शिकवणारे दोघे या बोळाचा फोटो घेतात. बोळात बघण्यासारखं काही नाही, तरी घेतात. मला ते आवडतं.

टॅल्बट यार्डात मात्र मी थांबते. इथे टॅबर्ड होती. जेफ्री चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यातले यात्रेकरू इथे मुक्कामाला जमतात आणि सकाळी एकत्र निघतात. निघालेत कँटरबरीला, आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या समाधीला. बेकेटला ११७० मध्ये तिथल्या कॅथीड्रलमध्येच मारलं होतं. वाट नव्वदेक किलोमीटरची. सरदार, गिरणीवाला, जोगीण, पाच नवरे झालेली बाई, स्वयंपाकी, सगळे एका वाटेवर, आणि वाट सरावी म्हणून एकेकाने गोष्ट सांगायची.

नाशिकच्या थोरल्या मावशी दर वर्षी देहूहून निघतात. यंदा लेकीने तिकीट काढलं आणि पालख्या निघायच्या दिवसांत त्या लंडनला आल्या. त्या विचारतात, “मग आता जातात का कोणी?” समाधी १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने मोडली, हे मी सांगते. वाट मात्र आहे, चालणारेही आहेत. मावशी बोळाच्या टोकाकडे बघत राहतात. तिथे आता मागच्या इमारतींची पाठ आहे. टॅबर्ड १८७३ मध्ये पाडली.

दुपारी १२.१०

जॉर्जच्या अंगणात शिरताना मी बोलत नाही. हे मुद्दाम. चौदा जणांना आपापलं बघू द्यायचं.

“अगं, हा तर वाडा आहे,” पुण्याच्या काकू म्हणतात.

“गॅलरी बघ की, चाळ आहे ही,” त्यांचे यजमान. ते गिरगावात वाढलेले.

दोघांचंही खरं. पूर्वी तीन बाजूंनी इमारत आणि मध्ये चौक, हा वाडा. एकामागून एक खोल्या आणि त्यांच्यापुढून सामायिक गॅलरी, ही चाळ. काकांना लगेच त्यांच्या चाळीतला गणेशोत्सव आठवतो. खाली चौकात स्टेज आणि तिन्ही मजल्यांच्या कठड्यांना रेलून माणसं. लंडनच्या काही सरायांच्या अंगणात सोळाव्या शतकात नेमकं असंच नाटक होई. खाली उभे राहणारे स्वस्तात, गॅलरीतले जास्त पैसे देऊन.

यानंतर हमखास कोणीतरी विचारतं की शेक्सपिअर इथे यायचा का. हो म्हणणारे गाइड पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही. १६७६ मध्ये सदकला मोठी आग लागली, त्यात जॉर्ज आणि टॅबर्ड दोन्ही जळाल्या. समोर दिसते ती इमारत १६७७ ची. शेक्सपिअर १६१६ मध्येच वारला होता. या जागी त्याआधीही सराई होती आणि त्याचं थिएटर इथून चालत दहा मिनिटांवर होतं, एवढंच ठामपणे सांगता येतं. पाहुण्यांना त्यावर खोटा मुलामा चढवून देणं मला पटत नाही. उरलेलं आहे तेच काही थोडं नाही.

आणि उरलं किती, तेही सांगते. पूर्वी चौकाच्या इतर बाजूंनाही अशाच गॅलऱ्या होत्या. १८३६ मध्ये इथून पाच मिनिटांवर लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं. काही वर्षांतच डोव्हरपर्यंत रेल्वे पोचली आणि घोड्यांच्या गाड्या ओस पडल्या. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ही जागा मालाच्या डेपोसाठी घेतली आणि गोदामं बांधायला दोन बाजू पाडल्या. राहिली ती दक्षिणेची. १९३७ मध्ये त्या रेल्वेच्या वारस कंपनीनेच उरलेली बाजू नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. ट्रस्टने तिचं संग्रहालय केलं नाही, पब म्हणून भाड्याने चालू ठेवली. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. वास्तू नांदती राहायला हवी. चुलीवर काहीतरी शिजत असावं, रोज कोणीतरी दार उघडावं, लाकडाला माणसांची ऊब लागावी. दोरी लावून ‘स्पर्श करू नये’ लिहिलेल्या खोलीत मला सराई कळली नसती.

सगळे आत जायला लागतात. धाकट्या मावशी दाराशी थबकतात.

“ताई, मी बाहेरच बसते. दारूच्या दुकानात नको.”

मी त्यांना दारातून नुसतं आत बघायला सांगते. खिडकीशी एक बाई बाळाला भरवतेय. कोपऱ्यात दोन म्हातारे शब्दकोडं सोडवतायत. एका टेबलावर चहाची किटली आहे. मावशी पुष्कळ वेळ बघतात. “बायका-पोरं जेवतात होय इथं,” म्हणतात आणि पदर सावरून आत येतात. त्यांना मी हाताला धरून आणत नाही. आपणहून उंबरा ओलांडला की जेवण गोड लागतं.

दुपारी १२.३५

तळमजल्यावर एकापुढे एक लहान खोल्या आहेत. तुळया डोक्याला लागतील एवढ्या खाली, जमीन उंच-सखल. यातल्या एका खोलीत गाडीची वाट बघणारे प्रवासी आणि गाडीवान बसत. आपल्या एस.टी.चा वाहक जेवणाच्या थांब्यावर ‘गाडी वीस मिनिटं थांबेल’ म्हणतो, तशीच इथली वर्दळ. गाडीच्या आत बसणाऱ्याचं भाडं जास्त, टपावर वारा-पाऊस खाणाऱ्याचं कमी.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. १७९७ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट याने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी घरातली घड्याळं लपवली आणि म्हणून सरायांनी अशी मोठी घड्याळं लावली, अशी गोष्ट सांगतात. कर खरा, तो पुढच्याच वर्षी उठला हेही खरं. पण अशी घड्याळं त्याच्या कितीतरी आधीपासून सरायांत होती. गाडीची वेळ चुकू नये म्हणून ती लागतच होती.

आता काउंटर. इथे वेटर टेबलाशी येईल म्हणून बसून राहायचं नसतं. आपण जायचं, उभं राहायचं. रांग दिसत नाही, पण असते. बारमागच्या माणसाच्या डोक्यात असते. आधी आलेल्याला आधी. हाका मारायच्या नाहीत, नोट हलवायची नाही, नजरेला नजर मिळाली की पुरे. माझ्या आधी कोणी उभं असेल आणि चुकून मला विचारलं तर ‘हे आधी आलेत’ म्हणायचं. हा संकेत मी सगळ्यांना आवर्जून शिकवते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि निम्मा मागायला संकोच करू नये. कोणतं घ्यावं कळत नसेल तर घोटभर चाखायला मागावं, आनंदाने देतात.

बिअर घेणारे आता पाच झालेत.

बारवर पितळी नि लाकडी दांडे आहेत. बारवाली मुलगी दांडा ओढते, सोडते, पुन्हा ओढते.

“हापसा!” कोल्हापूरचे काका ओरडतात. बरोबर. तळघरातल्या पिंपातून हाताच्या जोराने वर ओढलेली बिअर, हापशाच्या पाण्यासारखी. बाहेरून वायू सोडलेला नाही. काका मोठा घोट घेतात आणि चेहरा पडतो. “ताई, ही गरमंय की.”

गरम नाही, ११ ते १३ अंशांवर आहे. तळघराचं तापमान तेवढं ठेवतात, कारण बर्फासारखी थंड केली तर जीभ बधिर होते आणि माल्टचा खमंगपणा कळत नाही. घाई करू नका, थोडा वेळ तोंडात धरा, एवढंच सांगते. पाच मिनिटांनी काका म्हणतात, “भाजलेल्या ज्वारीचा वास हाय.” इतकं नेमकं वर्णन मी बिअरच्या पुस्तकांत वाचलेलं नाही.

दुसऱ्या दांड्यावर आयपीए लिहिलंय. त्यातला आय म्हणजे इंडिया. मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जाणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर पेल एल भरून जायची. पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची बिअर जहाजांचे कप्तान नेत. चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती टिकायची, कारण तिच्यात हॉप्स भरपूर. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. त्यांनी कडूपणा येतो आणि बिअर नासत नाही. ही फुलं पोत्यांत भरून केंटहून गाडीने याच रस्त्याला येत. जवळच साउथवार्क स्ट्रीटवर १८६७ चं हॉप एक्स्चेंज अजून उभं आहे, त्याच्या दारावर हॉप्स तोडणारे कोरलेत.

पुण्याचे एक काका शाकाहारी आहेत, पण बिअर घेतात. त्यांना मी बाजूला घेऊन हळूच सांगते. गाळ लवकर खाली बसावा म्हणून कास्क एलमध्ये कित्येकदा आयसिंग्लास घालतात, तो माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात. पेल्यात तो राहत नाही म्हणतात, पण ठरवायचं त्यांनी. बारवालीला विचारल्यावर ती आयसिंग्लास नसलेली एक बाटली काढून देते. काका दोन्ही हात जोडतात. ती गोंधळते, मग तीही जोडते.

मावशींसाठी एल्डरफ्लॉवर. पांढऱ्या फुलांचं सरबत, सोडा घालून. “मोगऱ्याचं वाटतंय,” म्हणतात आणि दुसरं मागतात.

दुपारी १.१५

जेवण. वाईच्या काकांचा गुडघा म्हणून मी तळमजलाच मागितला होता. सगळे एकाच खोलीत, दोन लांब टेबलांवर.

मासे खाणाऱ्यांसाठी फिश अँड चिप्स. जाडसर पिठात बुडवून तळलेला पांढरा मासा, सोबत वाटाण्याचा लगदा. कोल्हापूरच्या वहिनी पिशवीतून ठेचा काढतात. मी आधी बारवालीला विचारते. ती हसून मान हलवते, आणि मग वहिनी तिलाही चिमूटभर देतात. व्हिनेगर आणि ठेचा एकत्र बरा लागतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

स्टेक अँड एल पायमध्ये गोमांस असतं. ते मी प्रत्येकाला नावानिशी सांगते, मोघम नाही. ज्याला खायचंय तो खाईल, पण नकळत कोणाच्या ताटात जाऊ नये. शाकाहारी पाच जणांच्या बश्या येतात तेव्हा मी वही काढून एकेक पदार्थ पुन्हा विचारते. वाढणारा मुलगा कंटाळत नाही. आत जाऊन विचारून येतो. मावशींच्या पहिल्या घासाकडे मी अजूनही श्वास रोखून बघते.

शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग. खजुराचा मऊ केक, वर गरम गुळचट पाक. अंडं न खाणाऱ्या दोघींना ते चालत नाही, त्यांच्यासाठी बेरीची फळं. सगळ्यांना सारखं गोड देता आलं नाही की मला चुटपुट लागते.

दुपारी २.१५

वरच्या खोल्यांत आज समारंभ नाही, म्हणून परवानगी मिळते. बारा जण जिना चढतात. जुन्या निजायच्या खोल्या आता जेवणाच्या आहेत. जमीन एका अंगाला कललेली, चालताना पाय आपोआप भिंतीकडे जातात.

मी खाली वाईच्या काकांजवळ थांबते. काकूही थांबल्यात. काका वर तुळईकडे बघतायत.

“ताई, दोन बाजू पाडल्या, तर ही बाजू खचली कशी नाही? वाड्यात एक सोपा पाडला की शेजारचा झुकतो. आमचा झुकलाय.”

मग कळतं. वाईत नदीकाठी त्यांचा तीन भावांचा वाडा आहे. थोरल्याने आपली बाजू पाडून सिमेंटची बांधली. मधल्याची बाजू बंद आहे, आत पिंपळ उगवलाय. काकांची उभी आहे. बिल्डर दोनदा येऊन गेला.

मला स्थापत्यातलं थोडंच कळतं, तेवढं सांगते. प्रत्येक बाजूचा लाकडी सांगाडा आपल्यापुरता जोडलेला असतो, खांब, तुळया आणि तिरके आधार सांध्यात खुंट्या मारून बसवलेले. त्यामुळे एक बाजू गेली तरी दुसरी पत्त्याच्या बंगल्यासारखी लगेच कोसळत नाही. पण उघड्या पडलेल्या टोकाला पाऊस लागू न देणं, सांधे कोरडे ठेवणं, हे सतत करावं लागतं. काका उठतात, भिंत आणि तुळई मिळते तिथे बोटं फिरवतात. कोणी हटकत नाही. “रोज माणसं बसतात म्हणून कुठं गळतंय ते दिसतं यांना,” ते म्हणतात. “आमच्या बंद बाजूला कधी गळायला लागलं, कोणाला ठाऊक.”

काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवतात. वरून मंडळींच्या पायांचे आवाज येतात, तुळई किंचित करकरते.

दुपारी ३.२०

सेंट जॉर्ज चर्चशेजारी मार्शल्सी तुरुंगाची भिंत. १८२४ मध्ये डिकन्सचे वडील कर्जापायी इथे होते आणि बारा वर्षांचा डिकन्स कारखान्यात बुटांच्या पॉलिशच्या डब्यांवर लेबलं चिकटवत होता. ‘लिटल डॉरिट’ ही त्याची कादंबरी या भिंतीतून आली आणि तीत जॉर्जचाही उल्लेख आहे. पोट भरलेली मंडळी आहेत, ऊनही आहे. फार ताणत नाही.

दुपारी ४.३०

बस येते. मोजते, चौदा. काकांना पुढची जागा देते. थोरल्या मावशी माझ्या हातात तुळशीचे मणी ठेवतात आणि म्हणतात, “वाटेवरचं जेवण चांगलं झालं.”

संध्याकाळी ५.४०

हिशेब, पावत्या, उद्याचे फोन स्टेशनाजवळ बसून उरकले. घरी जायच्या आधी पुन्हा अंगणात येते. गुरुवारी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते. मागच्या गाइज हॉस्पिटलातल्या नर्सेस, किंग्ज कॉलेजची मुलं, ऑफिस सुटलेले. चारजण उभे आहेत, एक आत जाऊन चौघांसाठी आणतो. पुढची खेप दुसऱ्याची. हिशेब कोणी लिहीत नाही, पण प्रत्येकाला स्वतःची पाळी माहीत असते. त्यांच्या डोक्यावर गॅलरी, पलीकडे शार्ड या उंच इमारतीच्या काचांवर ऊन.

मी माझा निम्मा पाइंट घेऊन बाकावर बसते. आत कोणीतरी पिंप बदललंय, पहिला पेला ओतून टाकतात, दुसरा उजेडात धरून बघतात. तिसरा देतात.

रात्री ८.५०

घरी भात लावलाय. फोनवर वाईच्या काकांचा निरोप आहे. दुपारी घेतलेला तुळईच्या सांध्याचा फोटो आणि खाली एक प्रश्न: वरच्या मजल्याची जमीन कलली आहे म्हणाले सगळे, ती सरळ का नाही केली?

सरळ करायला जावं तर सांधे उसवतील, असं मी लिहिते. कललेलीच ठेवलीय, टेबलांचे पाय त्या मानाने लहान-मोठे करायचे.

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर येतं. थोरल्या भावाला नव्हे, मधल्याला फोन केला होता. किल्ली त्याच्याकडे असते. पावसाचा जोर वाढायच्या आत बंद बाजू उघडून बघायची म्हणतोय.